उगवत्या सूर्याच्या देशातील सात्त्विक पाकशाळा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. उभे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. वाणिज्य शाखेची पदवी आणि रोजमेळ यांपलीकडे लेखणीशी फारसा संबंध आला नाही. धर्मतत्त्वांवर लिहिण्याचा अधिकार तर पूज्य साधुसाध्वींचा आणि पंडितवर्गाचा. परंतु एक विषय गेली अनेक वर्षे मनात घर करून आहे, तो समाजबांधवांपुढे ठेवण्याची संधी दवडू नये असे वाटले. विषय आहे जपानमधील पारंपरिक पाकक्रिया आणि भोजनपद्धती यांचा इतिहास. माशांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या देशाचा आपल्या स्मरणिकेशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो रास्तच आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाटीभर सारात आहे आणि तेथूनच आरंभ करणे मला भाग आहे.

इ. स. २००९ मध्ये विणकामाची नवी यंत्रे पाहण्यासाठी आम्ही काही व्यापारी ओसाका येथे गेलो होतो. बरोबर खाकरे, ठेपले, भाजलेले पोहे असा शिधा होता; पण चौथ्या दिवशी तो संपत आला. एका भोजनगृहात दुभाष्याकरवी स्पष्ट सांगितले, की मांस नको, मासा नको, अंडे नको. त्यांनी नम्रपणे मान लववून भात, सोयाबीनच्या दुधाचे पनीर म्हणजे टोफू, आणि लाकडी वाटीतून वाफाळते सार आणून ठेवले. रंगाने आपल्या कुळथाच्या कढणासारखे आणि चवीला फारच रुचकर. मी आग्रहाने आणखी एक वाटी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी कोबे येथे स्थायिक झालेले एक गुजराती व्यापारी भेटले. त्यांनी सहज विचारले, “मिसोचे सार घेतले नाही ना? त्यात मासा दिसत नाही, पण ज्या पाण्यात ते करतात ते पाणीच माशाचे असते.” ते वाक्य ऐकून पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, ते समजले. परत आल्यावर गुरुमहाराजांपाशी आलोचना केली, प्रायश्चित्त घेतले. त्यांनी दिलेल्या तपाबद्दल येथे लिहिण्याचे कारण नाही. परंतु त्या भोजनगृहातील माणूस खोटे बोलला नव्हता, ही गोष्ट मनातून जाईना. ‘मासा नको’ याचा अर्थ त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे प्रामाणिकपणे घेतला होता. ती समजूत कशी घडली, याचा शोध घेता घेता जे वाचले, तेच पुढे मांडत आहे.

त्या पाण्याचे नाव ‘दाशी’. आपल्या स्वयंपाकात फोडणीला जे स्थान आहे, ते जपानी स्वयंपाकात दाशीला आहे. तेल, तूप आणि मसाले यांचा उपयोग तेथे परंपरेने अत्यल्प. त्यामुळे पदार्थाची सारी चव या एका अर्कावर उभी असते. तो मुख्यतः दोन वस्तूंपासून करतात. एक म्हणजे ‘कोम्बु’ ही उत्तरेकडील थंड समुद्रात वाढणारी, पट्ट्यांसारखी रुंद सागरी वनस्पती. दुसरी ‘कात्सुओ’ या माशाची वडी. हा मासा उकडून, वारंवार धुरी देऊन व वाळवून लाकडासारखा कठीण करतात आणि सुताराच्या रंध्यासारखे पाते बसवलेल्या पेटीवर घासून त्याच्या पातळ सोलपट्या काढतात. गरम पाण्यात त्या क्षणभर टाकायच्या आणि पाणी गाळून घ्यायचे, की दाशी तयार. गाळल्यावर मासा उरत नाही, म्हणून तो खाल्ला असे सर्वसाधारण जपानी मनुष्य मानत नाही. अणुमात्र अंशाचाही विचार करण्याची सवय लागलेल्या आपल्या मनाला हे पटणे कठीण. पण तेथील व्यवहार असा आहे.

याच कोम्बुच्या अर्कातून इ. स. १९०८ मध्ये टोकियोच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढील वर्षी ते द्रव्य बाजारात आले. आपल्याकडे हातगाड्यांवरील चिनी पदार्थांमुळे बदनाम झालेले ‘अजिनोमोटो’ ते हेच. इकेदांच्या शोधाचे मर्म असे, की ही चव माशातूनच यावी असे बंधन नाही. वनस्पतीतही ती भरपूर आहे. जपानमधील बौद्ध मठांच्या पाकशाळांना हे शेकडो वर्षे आधीपासून ठाऊक होते. तेथील दाशी फक्त कोम्बु आणि वाळवलेल्या शिताके छत्र्यांची असते. माझ्या कुतूहलाचा विषय हीच पाकशाळा. तिला ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात.

‘र्‍योरी’ म्हणजे पाकक्रिया. ‘शोजिन’ हा शब्द मात्र आपल्या ओळखीचा निघतो. चिनी लिपीतील ज्या दोन अक्षरांनी तो लिहितात, त्यांचा उपयोग बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांनी ‘वीर्य’ या संस्कृत शब्दासाठी केला होता. वीर्य म्हणजे साधनेतील अविरत उद्यम. ज्ञानाचार, दर्शनाचार, चारित्राचार, तपाचार आणि वीर्याचार हे पाच आचार बालपणापासून पाठ असलेल्या आपल्या मंडळींना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. शाकाहारी भोजनाला जपानने ‘वीर्याचा स्वयंपाक’ असे नाव दिले, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो होतो.

बौद्ध धर्म कोरियातील पेकचे राज्यातून जपानला पोहोचला तो सहाव्या शतकाच्या मध्यास. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, इ. स. ६७५ मध्ये, सम्राट तेन्मू याने एक आज्ञा काढली. गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी या पाचांचे मांस चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्याअखेर कोणी खाऊ नये, अशी ती आज्ञा. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडील काही उत्साही लेखक या आज्ञेचा दाखला देऊन ‘जपान हजार वर्षे अहिंसक होता’ असे लिहितात, ते बरोबर नाही. हरीण आणि रानडुक्कर या यादीत नव्हते, मासे तर नव्हतेच. आणि मुदत होती ती भातशेतीच्या हंगामाची. नांगराचा बैल, ओझ्याचा घोडा, राखणीचा कुत्रा, पहाट सांगणारा कोंबडा यांना शेतीच्या दिवसांत वाचवणे, हाही हेतू त्यामागे असावा. करुणा आणि हिशेब यांचे मिश्रण तेथे होते. व्यापारी असल्याने मला त्यात विसंगती वाटत नाही. हिशेबाच्या निमित्ताने का होईना, जीव वाचला तर तो वाचलाच.

पुढील राज्यकर्त्यांनी अशा आज्ञा पुनःपुन्हा काढल्या. इ. स. ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरात बुद्धाच्या प्रचंड कांस्यमूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, त्या वर्षीही प्राणिहत्येस बंदी करण्यात आली होती. त्या सोहळ्यात मूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. कालांतराने चतुष्पादांचे मांस अशुद्ध, ही भावना जपानी समाजात रुजली. ती पूर्णपणे पाळली गेली असे नव्हे. रानडुकराला ‘डोंगरी देवमासा’ म्हणायचे, हरणाच्या मांसाला ‘मेपलची पाने’ म्हणायचे आणि ‘औषध’ म्हणून खायचे, असे प्रकार शहरांतून चालत. माणूस नियम मोडतानाही त्याला एक शोभिवंत नाव शोधतो, ही गोष्ट सर्व देशांत सारखीच.

मठांमध्ये मात्र नियम कडक होता. झेन पंथाच्या अनेक मठांच्या प्रवेशद्वारी दगडी स्तंभ असतो आणि उग्र वासाच्या भाज्या व मद्य यांना आत प्रवेश नाही, अशा आशयाचा लेख त्यावर कोरलेला असतो. उग्र वासाच्या भाज्या म्हणजे लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या इतर वनस्पती. एकूण पाच मानतात. कांदा-लसूण निषिद्ध असलेली पाकशाळा भारताबाहेर इतक्या दूर आहे, हे ऐकून आपल्या भगिनींना आनंद वाटेल. परंतु कारण भिन्न आहे. बौद्ध परंपरेनुसार हे पदार्थ कच्चे खाल्ल्यास क्रोध वाढतो आणि शिजवून खाल्ल्यास कामवासना. आपला विचार कंदातील अनंत जीवांचा. त्यामुळे निषेधाची सीमारेषाही निराळी पडते. कांदा वर्ज्य करणारा तोच भिक्षू मुळा, गाजर, कमळकाकडी, अळकुड्या आनंदाने शिजवतो. ‘कोन्न्याकु’ नावाचा जो लवचिक, पारदर्शक पदार्थ तेथे फार आवडीने खातात, तो तर आपल्या सुरणाच्याच कुळातील कंदापासून होतो. शिवाय ‘जीवविचार’ प्रकरणात कंदांबरोबर शेवाळ आणि भूमिफोड, म्हणजे छत्र्या, यांचीही गणना अनंतकायात केली आहे. तेव्हा कोम्बु-शिताकेची ती निरामिष दाशीदेखील कडक नियम पाळणाऱ्या जैनाला चालणारी नाही. ही अडचण लपवून केवळ स्तुती करणे वाचकांची फसवणूक ठरली असती.

या पाकशाळेला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली ती दोगेन या आचार्यांनी. त्यांचा काळ इ. स. १२०० ते १२५३. इ. स. १२२३ मध्ये, विशीत असताना, ते धर्माच्या शोधात चीनला गेले. गलबत बंदरात उभे असताना एक एकसष्ट वर्षांचा वृद्ध भिक्षू जपानी व्यापाऱ्यांकडून वाळवलेल्या छत्र्या विकत घेण्यासाठी आला. तो एका मठाचा ‘तेन्झो’ म्हणजे मुख्य पाचक होता. मठ ज्या पर्वतावर होता त्याचे नाव अशोकराजाचा पर्वत. सम्राट अशोकाने उभारलेल्या स्तूपांपैकी एक तेथे आहे, अशी श्रद्धा असल्याने हे नाव पडले. दुसऱ्या दिवशी मठात सणाचे भोजन होते आणि त्यासाठी तो म्हातारा अनेक कोस चालत आला होता. दोगेन यांनी त्याला मुक्कामाचा आग्रह केला. तो म्हणाला, उद्याचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. तरुण दोगेन यांनी विचारले, की या वयात ध्यान आणि शास्त्राभ्यास सोडून चुलीपुढे का राबता? त्यावर तो वृद्ध मोठ्याने हसला आणि साधना म्हणजे काय ते या परदेशी पाहुण्याला अजून समजलेले नाही, असे म्हणून अंधार पडण्यापूर्वी निघून गेला.

दुसरा प्रसंग चीनमधील मठातच घडला. भर दुपारी, तापलेल्या फरसबंदीवर एक अडुसष्ट वर्षांचा वाकलेला पाचक उघड्या डोक्याने खाद्यवस्तू वाळत घालीत होता. हे काम नोकरांकडून का करवून घेत नाही, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले, की दुसरा म्हणजे मी नव्हे. ऊन उतरेपर्यंत तरी थांबा, असे म्हटल्यावर त्याने विचारले, की मग कोणत्या वेळेची वाट पाहू? दोगेन यांच्याजवळ त्यावर उत्तर नव्हते.

जपानला परतल्यावर इ. स. १२३७ मध्ये त्यांनी पाचकासाठी एक छोटा ग्रंथ लिहिला, त्याचे नाव ‘तेन्झो क्योकुन’, म्हणजे पाचकाला उपदेश. त्यात पाककृती जवळजवळ नाहीतच. तांदूळ निवडताना खडा कसा पाहावा आणि खडे टाकताना त्यात तांदूळ तर जात नाही ना हे कसे पाहावे, धान्य व भाजीला आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांसारखे कसे जपावे, उद्याच्या भोजनाची तयारी आदल्या रात्री कशी करावी, हाच मजकूर आहे. पाचकाची मने तीन सांगितली आहेत: आनंदाचे मन, मायबापाचे मन आणि विशाल मन. हलक्या भाजीला तुच्छ लेखू नये आणि उंची पदार्थ हाती आला म्हणून हरखून जाऊ नये, असा त्यांचा आग्रह. चवींची संख्या ते सहा देतात. कडू, आंबट, गोड, खारट, तिखट या पाचांच्या जोडीला सहावी चव ‘सौम्य’, म्हणजे पदार्थाची मूळची अलिप्त चव. आपल्या षड्रसांत जेथे तुरट आहे, तेथे त्यांनी हा सौम्य रस ठेवला. आयंबिलाचे अळणी, विगयरहित अन्न ज्यांनी श्रद्धेने खाल्ले आहे, त्यांना या सहाव्या चवीची ओळख करून देण्याची गरज नाही.

या ग्रंथातील एका तपशिलाने मला विशेष आकर्षून घेतले. तांदूळ धुतलेले पांढरे पाणी तसेच फेकायचे नाही; त्यासाठी एक कापडी पिशवी ठेवलेली असे आणि त्यातून ते गाळायचे, म्हणजे एकही दाणा वाया जाणार नाही. पाणी गाळण्याच्या गळण्यासाठी घट्ट विणीचे, दुहेरी घडीचे कापड मागायला आमच्या दुकानी अद्यापही माणसे येतात. त्यांचा उद्देश जलकायातील त्रस जीवांचे रक्षण, दोगेन यांचा उद्देश धान्याच्या कणाचे रक्षण. दोन्हीकडे साधन मात्र हातभर कापडाचे.

इ. स. १२४४ मध्ये दोगेन यांनी आजच्या फुकुई प्रांतातील डोंगरात मठ स्थापन केला, तोच पुढे एइहेइजी म्हणून प्रसिद्ध झाला. तेथे ओढ्यातून पाणी घेताना ते पळीभर पाण्यातील अर्धेच वापरीत आणि उरलेले अर्धे पुन्हा प्रवाहात सोडीत, अशी परंपरागत आख्यायिका आहे. भोजनविधीवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. घास घेताना तोंडाचा आवाज करू नये, शेजाऱ्याच्या पात्रात डोकावून ‘त्याला जास्त वाढले’ असा विचार करू नये, डोके खाजवू नये, असे नियम वाचताना आपल्याच घरातील आजी बोलत आहे असे वाटते. भिक्षूची पात्रे एकात एक बसणारी असतात आणि ती कापडात बांधून ठेवतात. त्यांचे नाव ‘ओर्‍योकी’, म्हणजे जेवढे हवे तेवढेच मावेल असे पात्र. आपल्या उणोदरी तपाची आठवण करून देणारे. जेवणापूर्वी पाच गोष्टींचे चिंतन करतात. हे अन्न किती जणांच्या श्रमातून आले. ते ग्रहण करण्यास माझे आचरण पात्र आहे काय. मनातील लोभ आवरला आहे काय. हे शरीर टिकवण्याचे केवळ औषध आहे. आणि धर्मसिद्धीसाठीच मी ते घेतो, असा त्या पाचांचा आशय. सकाळी तांदळाची पेज, तीळ-मीठ आणि लोणचे. दुपारी भात, सार आणि एखादी भाजी, असे साधे भोजन.

सायंकाळच्या भोजनाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. मूळ विनयानुसार बौद्ध भिक्षूने मध्यान्हीनंतर खायचे नाही. जपानच्या थंडीत उपाशी राहणारे भिक्षू पोटाशी तापवलेला दगड बांधून भूक शमवीत, असे सांगतात. पुढे नियम शिथिल होऊन सायंकाळी खाणे सुरू झाले, तरी त्याला ‘भोजन’ म्हणण्याचा धीर झाला नाही. त्याचे नाव ‘याकुसेकी’, म्हणजे औषधी दगड, असेच राहिले. आजही झेन मठात रात्रीच्या जेवणाला हाच शब्द आहे. नियम गेला, संकोच मात्र भाषेत शिल्लक राहिला. आपल्या कित्येक घरांतून चौविहार सुटला. संकोच तरी कितपत राहिला आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मठातील ही शिस्त हळूहळू मठाबाहेर पडली. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी चहापानाच्या विधीला जे रूप दिले, त्यातील भोजनाला ‘काइसेकी’, म्हणजे छातीशी धरलेला दगड, हे नाव पुढे पडले. त्या भोजनाचा सांगाडा असा: भात, एक सार, तीन व्यंजने आणि लोणचे. हाच ‘एक सार, तीन व्यंजने’ हा नियम पारंपरिक घरगुती जेवणाचाही आदर्श मानला जातो. भाताची वाटी डाव्या हाताला, साराची उजव्या हाताला. वाटी हाती उचलून खायचे, पात्रावर वाकायचे नाही. ताटात पाच रंग असावेत: पांढरा, काळा, तांबडा, पिवळा, हिरवा. आपल्या पंचवर्णी ध्वजाचे रंगही जवळपास हेच. हा केवळ योगायोग, त्यातून कोणी अनुमान काढू नये. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृताच्या नैवेद्यात तशा खोचतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. जेवणापूर्वी ‘इतादाकिमासु’ म्हणतात. त्यातील मूळ क्रियापदाचा अर्थ मस्तकावर धारण करणे.

भात हा तर त्या देशाचा प्राण. सरदारांचे वेतन आणि जहागिरींची योग्यता तांदळाच्या ‘कोकु’ या मापात मोजत. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. ओसाकातील दोजिमा येथील तांदळाच्या वायदेबाजाराला इ. स. १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि जगातील पहिला संघटित वायदेबाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. आमच्या मुंबईत कापूस व्यापाऱ्यांची संघटना उभी राहिली इ. स. १८७५ मध्ये. विषयांतर होत आहे, पण वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा मोह आवरत नाही.

प्रथिनांसाठी मठांनी सोयाबीनचा आधार घेतला. टोफूचा जपानमधील पहिला लेखी उल्लेख इ. स. ११८३ चा, नारा येथील एका देवस्थानाच्या नैवेद्याच्या नोंदीत आहे. इ. स. १७८२ मध्ये ओसाका येथे टोफूच्या शंभर प्रकारांचे पुस्तक प्रसिद्ध होऊन लोकप्रिय झाले. तिळाचे वाटण आणि कुझु वेलीच्या मुळांचे सत्त्व शिजवून केलेला ‘गोमा-दोफू’, गव्हातील चिकट सत्त्वाचे ‘फु’, सोयादुधाची साय म्हणजे ‘युबा’ असे अनेक पदार्थ निर्माण झाले. चिनी आचार्य इंगेन यांनी इ. स. १६६१ मध्ये उजी येथे मठ स्थापन केला आणि एका मेजाभोवती बसून वाटून खाण्याची पद्धत आणली. घेवड्याच्या शेंगेला जपानीत अद्याप त्यांचेच नाव आहे. यांपैकी काही पदार्थांना मात्र मांसाची नावे आहेत. टोफूच्या एका तळलेल्या वड्याचे नाव ‘खोटा हंस’ अशा अर्थाचे आहे. येथे माझे मन साशंक होते. यशोधर राजाने पिठाचा कोंबडा बळी दिला आणि त्याचे फळ त्याला जन्मोजन्मी भोगावे लागले, ही कथा आपण व्याख्यानातून ऐकत आलो आहोत. द्रव्यहिंसा टळली तरी भावहिंसेचे काय, हा प्रश्न हल्ली बाजारात येणाऱ्या वनस्पतिजन्य ‘मांसा’लाही लागू आहे.

सामान्य जनतेत शोजिन पाळले जाई ते विशिष्ट तिथींना, आणि घरातील मृत्यूनंतर काही दिवस. आपल्या आठम-चौदसीची आठवण व्हावी असा हा प्रकार. जीवदयेची सक्ती साऱ्या राष्ट्रावर करून पाहणारा एक शासकही होऊन गेला. शोगुन तोकुगावा त्सुनायोशी (कारकीर्द १६८०–१७०९) याने प्राण्यांवरील दयेच्या आज्ञांचा सपाटा लावला. कुत्र्यांना मारणाऱ्यांना कठोर शिक्षा झाल्या आणि एदो शहराजवळ नाकानो येथे हजारो कुत्र्यांसाठी आश्रयस्थान उभारले गेले. त्याचा खर्च नागरिकांवर कराच्या रूपाने बसला आणि त्या कुत्र्यांना भाताबरोबर सुके मासे घालीत. त्याच्या मृत्यूनंतर त्या आज्ञा तत्काळ मागे घेण्यात आल्या. मुंबईत इ. स. १८३२ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून दंगल उसळली आणि त्यानंतर दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई व मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली, ती मात्र टिकली. फरक एवढाच, की ती लोकांनी आपल्या पैशाने उभारली होती.

जपानची घडी विसकटली ती एकोणिसाव्या शतकात. पाश्चात्त्यांची उंची, त्यांचे बळ, त्यांच्या तोफा पाहून ‘ते मांस खातात म्हणून बलवान आहेत’ हा विचार नव्या राज्यकर्त्यांच्या मनात बसला. इ. स. १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजी यांनी गोमांस भक्षण केल्याचे जाहीर झाले. पुढील महिन्यात पर्वतांत तप करणारे दहा साधक निषेधासाठी राजवाड्यात घुसले. परकीय आल्यापासून लोक मांस खाऊ लागले आणि भूमी विटाळली, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांतील काहीजण तेथेच मारले गेले. त्याच वर्षी सरकारने फर्मान काढले, की बौद्ध भिक्षूंनी मांस खावे, विवाह करावा, केस वाढवावेत, यांस कायद्याची हरकत नाही. सक्ती कोणावरही नव्हती. केवळ ‘हरकत नाही’ असे म्हटले होते. बाराशे वर्षे तगून राहिलेला आचार या दोन शब्दांनी ढिला पडला आणि आज बहुसंख्य जपानी धर्मोपदेशक गृहस्थाप्रमाणे राहतात व सर्व काही खातात. मठांतील प्रशिक्षणाच्या काळात आणि काही मंदिरांच्या भोजनगृहांत शोजिन उरले आहे. इ. स. २०१३ मध्ये जपानी भोजनपरंपरेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. वारशाच्या यादीत नाव जाणे ही गौरवाची गोष्ट खरी, पण मला ती वाचून थोडी चिंताही वाटली.

आपल्या लोकांचा त्या देशाशी संबंध कापसाने जोडला. इ. स. १८९३ मध्ये टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीने कोबे ते मुंबई आगबोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः आपला कापूस ओसाकाच्या गिरण्यांना नेण्यासाठी. इ. स. १९२३ च्या भूकंपानंतर योकोहामातील बरेच भारतीय व्यापारी कोबे येथे आले. पुढे मोत्यांच्या व्यापारातील जैन कुटुंबेही तेथे स्थिरावली आणि इ. स. १९८५ मध्ये त्यांनी कितानो भागात भगवान महावीरांचे संगमरवरी मंदिर उभारले. ज्या गृहस्थांनी मला त्या साराविषयी सावध केले, त्यांनीच मला तेथे दर्शनाला नेले.

परतीच्या आदल्या दिवशी ते मला क्योटोतील एका झेन मंदिराच्या भोजनगृहात घेऊन गेले. दुपारची वेळ होती. लाखेच्या तांबड्या पात्रांतून सात पदार्थ आले. प्रत्येकात काय आहे, हे एका तरुण भिक्षूने गुडघ्यांवर बसून सांगितले आणि दुभाष्याच्या भूमिकेतील माझ्या यजमानांनी ते मला सांगितले. मुळा, गाजर, शिताके, कोम्बुची दाशी, कुझुचे सत्त्व असे एकेक करून चार पात्रे मी हात जोडून बाजूला सारली. उरला तो भात, मीठ लावलेला ताज्या टोफूचा तुकडा आणि तिळात घोळलेला उकडलेला पाला. भिक्षूने कारण विचारले. मातीखाली वाढणाऱ्या कंदात आणि शेवाळात अनंत जीव आहेत असे आम्ही मानतो, हे यजमानांनी त्याला समजावले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग ती चारही पात्रे त्याने उचलून नेली. ती टाकली जाणार नाहीत, आम्ही आतले लोक खाऊ, असे सांगून गेला.

जेवण संपल्यावर तो गरम पाण्याची किटली घेऊन आला. आम्ही भिक्षू शेवटी काय करतो ते दाखवू का, असे त्याने विचारले. वाटीत पाणी ओतायचे, लोणच्याच्या फोडीने कडा पुसून घ्यायच्या, ती फोड खायची आणि ते पाणी पिऊन टाकायचे. लोणचे मुळ्याचे असते, हे त्याच्या लक्षात आले असावे; कारण माझ्यापुढे त्याने काकडीची फोड आणून ठेवली होती. मी त्याला थांबवले, वाटीत पाणी घेतले, बोटाने ती आतून धुतली आणि पिऊन टाकली. आमच्या आईने हे मला पाचव्या वर्षी शिकवले होते. ती ताट धुऊन पाणी प्यायची आणि नंतर ते कोरड्या फडक्याने पुसून ठेवायची. भिक्षूने माझ्याकडे पाहिले, आपल्या बाहीतून एक घडी केलेले पांढरे सुती फडके काढले आणि माझ्यापुढे धरले.